गुडघ्याएवढी चिंच

"झाड मोठं होऊ द्याचं नाही, तं लावाचं कायले?" उकंडा आपल्या दादाला दर वर्षी विचारायचा. जानराव दर वर्षी हसायचा, चिंचेभोवती कुदळ मारून मुळं तोडायचा. उत्तर न देताच तो यंदा शिमग्यात तापानं गेला.

वाशीमच्या एका बंगल्यावर माळीकाम करताना जानराव झाडं बुटकी ठेवायची ही विद्या शिकला होता. अंगणातली त्याची चिंच सहा वर्षांची, पण गुडघ्याएवढी. दादा गेल्यापासून उकंडा दुपारी जमिनीला गाल लावून तिच्याकडे बघत पडे. तिथून ती आभाळाला टेकलेली दिसे. मुंग्यांची गुरं सावलीला बसत आणि बुंध्याला टेकून मुंगीएवढा दादा विडी ओढत असे. (येणाऱ्या-जाणाऱ्यांना वाटे, पोरगं उन्हानं पडलं. दोनदा तोंडावर पाणी मारून झालं होतं.)

श्रावणात चिंच एकाएकी वीतभर वाढली. दादा सावलीत दिसेनासा झाला. उकंडा उठला आणि विचार न करता (ती सवय नव्हतीच) मुळं तोडायला बुंध्याखाली कुदळ घातली.

ठण्ण!

"धन!" तो ओरडला.

वैनीच्या आधी शेजारची गोमतीबाई धावत आली. चिखल पुसला, तर पितळेची परात. काठावर वैनीच्या बापाचं नाव.

"माही परात!" रंगूवैनी किंचाळली. सहा वर्षांपूर्वी परात हरवली, तेव्हापासून तिचा संशय गोमतीबाईवर होता.

"पाह्य!" गोमतीबाई कडाडली. "सहा वर्सं मले चोट्टी म्हनत होती. चोर तं तुह्याच घरात जेवत होता!"

वैनी तोंडाला पदर लावून हसली. शिमग्यानंतर पहिल्यांदा. "अवं, माह्यासंगं हे बी शोधत होते! कोठीतले पोते उपसले त्याइनं!" हसता हसता तिचे डोळे गळू लागले. गोमतीबाईनं तिला जवळ घेतलं.

परातीवर मुळं चाकासारखी पसरली होती. एकच लबाड मुळी काठावरून खाली उतरलेली. उकंडानं ती तोडली.

"परात काढली तं दुसरी उतरन, भाऊजी," वैनी म्हणाली. "राहू द्या तिथंच."

"परात तुमच्या माहेरची हाय. थांबा!" उकंडा घरात पळाला आणि दादानं कारंज्याहून आणलेली आपली शाळेची पाटी घेऊन आला. ती बुंध्याखाली अलगद सरकवली.

"घाल, घाल," गोमतीबाई म्हणाली. "शाळेत दीड वर्स या पाटीनं तुले वाढू देलं नाही, चिंचेची काय बिशाद!"

उकंडानं मान डोलावली, माती लोटली आणि तांब्याभर पाणी घातलं.