करीमचाचांनी होडी वळवली नाही

आमच्या गल्लीत शिरलेलं वाहन करीमचाचांच्या परवानगीशिवाय बाहेर पडत नसे. गल्ली लोणावळ्याच्या बाजारामागची, एका टोकाला बंद. शेवटी एक आड आणि आडापुढे अंगण म्हणावं एवढीच मोकळी जागा. टांगा असो, टॅक्सी असो की वखारीचा ट्रक असो, चाकांचा आवाज आला की करीमचाचा हातातली चहाची बशी तशीच धरून ओट्यावर येत. खाली लुंगी, वर रेल्वेचा निळा कोट आणि काखेत हिरवं फडकं.

"थांब! हालू नको!" ही पहिली आरोळी. मग ते गाडीभोवती फेरी मारत, वाकून चाकांखाली बघत. ड्रायव्हर वैतागून भोंगा वाजवी. चाचा त्याच्या खिडकीशी जाऊन शांतपणे विचारत, "तोल सापडला का?"

ट्रकचा तोल म्हणजे काय, हे कुठल्याच ड्रायव्हरला ठाऊक नसे. पण "सापडला" म्हटल्याशिवाय हिरवं फडकं हलत नसे, म्हणून सगळे मुकाट्याने "सापडला" म्हणत.

चाचांची सगळी नोकरी पुण्याच्या इंजिन शेडमध्ये एकाच कामावर गेली. वाफेची इंजिनं वळवायची. जमिनीत मोठा गोल खड्डा, त्यात मधल्या खुंट्यावर फिरता पूल आणि पुलावर इंजिन. ते पुलाच्या बरोबर मध्यावर उभं राहिलं, तर दोन माणसं दांड्याला रेटा देऊन अख्खं धूड फिरवतात. हातभर पुढेमागे झालं, तर पलटण लावा, हलायचं नाही. म्हणून आधी तोल.

"ड्रायवर लोकांचं काय सांगता बाई," ते मला म्हणत. "सरळ कुनीबी जातंय. वळवायला मानूस लागतो."

बाई म्हणजे मी. मी शाळेत शिकवते. गल्लीतल्या सहली, वर्गण्या, हळदीकुंकू यांचीही व्यवस्था माझ्याकडे असते, कारण उद्याची कामं ओळीने लिहून काढल्याशिवाय मला झोप लागत नाही. चाचांचं घर आमच्या भिंतीला भिंत लावून. त्यामुळे चाचांचा अनुभव सगळ्यात जास्त मला.

मी नवीन कपाट घेतलं तेव्हा ते जिन्याच्या वळणावर अडकलं. हमालांनी हात टेकले. चाचा आले, पायरीवर बसून त्यांनी एक बिडी ओढली आणि म्हणाले, "उभं करा. तोंड भिंतीकडं. आता घ्या डावीकडनं." कपाट सुळकन वर गेलं आणि खोलीत जाऊन बसलं, पण दारं भिंतीकडे करून. आता त्याला फिरवायला खोलीत जागा नव्हती.

"वळलं का न्हाई?" चाचा.

"वळलं, पण उघडायचं कसं?"

"त्ये तुमचं काम."

अमिनाचाची, म्हणजे त्यांची बायको, भाकरी थापायला बसल्या की चाचा तव्याशी उकिडवे बसून सूचना देत. "आता नको. आता. मधी धर, मधी." चाची एकदा उलथनं दाखवत म्हणाल्या, "अवो, इंजान न्हाई ते. भाकर हाय." पण चाचींचं हृदयाचं दुखणं सुरू झाल्यावर चाचा त्यांची खाट ऋतूप्रमाणे फिरवू लागले. थंडीत पायांवर ऊन आणि उन्हाळ्यात डोक्याशी वारा. त्या वेळी मात्र चाची काही बोलत नसत. खाटेवर बसूनच, टांग्यात बसल्यासारख्या, फिरत.

समोर राहणारे दामले स्टेशनवर तिकिटं देऊन निवृत्त झालेले. तिकीट खिडकी आणि इंजिन शेड यांच्यात मोठं कोण, हा त्यांचा आणि चाचांचा जुना वाद होता. एका संध्याकाळी दामले म्हणाले, "चाचा, शेडमध्ये पूल फिरायचा. तुम्ही नुसते ढकलायला. पाण्यावर वळवून दाखवा काहीतरी. तिथं ना रूळ, ना खुंटा."

"होडी आना."

"आणतो. पण नाही वळली तर हे फडकं माझ्या ताब्यात. पुन्हा गल्लीत कुणाला 'थांब' म्हणायचं नाही."

"मंजूर!" चाचा म्हणाले. साऱ्या गल्लीने ते ऐकलं.

त्या हिवाळ्यात सहल पवनेच्या काठी न्यायची असं ठरवलं. धरण नुकतंच काठोकाठ भरलं होतं. सतरंज्या, पुऱ्या, बटाट्याची भाजी, पिण्याचं पाणी, चाचींच्या गोळ्या, सगळं मी लिहून घेतलं होतं. डॉक्टरांनी नको म्हटलं असतानाही चाची येणार होत्या. त्यांचं माहेर, सावरवाडी, त्याच पाण्याखाली गेलं होतं. गावचे लोक उठले तेव्हा देवळातले देव बरोबर घेऊन गेले. चाचींचे वडील गावच्या पीरसाहेबांच्या दर्ग्याची झाडलोट, दिवाबत्ती करायचे. ते गेल्यावर दर्ग्याच्या शेजारीच त्यांना मूठमाती दिलेली.

"देव उचलता येत्यात, बाई," चाची मला म्हणाल्या होत्या. "कबर कशी उचलायची?"

काठावर बबन नावाचा होडीवाला भेटला. धरण झाल्यापासून तो पलीकडच्या वाड्यांतली माणसं ने-आण करी. सकाळभर चाचांनी त्याच्याकडून वल्ही मारायला शिकून घेतलं.

"वळवायचं बी दावू का?" बबनने विचारलं.

"त्ये मला यीतंय."

जेवणं झाली. काठापासून थोड्या अंतरावर, सगळ्यांना दिसेल असा, एका वाळलेल्या सावरीच्या झाडाचा शेंडा पाण्यातून वर आला होता. दर्गा त्या सावरीखालीच होता. तिथपर्यंत जायचं आणि होडी वळवून आणायची, असं ठरलं. पुढच्या टोकाला बबन, मधे वल्ह्यांवर चाचा आणि मागच्या फळीवर मी आणि चाची. वल्ही मारणाऱ्याचं तोंड मागे असतं, पाठ पुढे. त्यामुळे चाचा आमच्याकडे तोंड करून बसले होते आणि सावर त्यांच्या पाठीमागे होती.

तिथे पोचलो. खाली काही दिसत नव्हतं, नुसतं हिरवट पाणी. चाचींनी डोक्यावर पदर घेतला, ओल्या कापडात आणलेले गुलाब एकेक करून पाण्यावर सोडले आणि दोन्ही हात पसरून बराच वेळ ओठांतल्या ओठांत काहीतरी म्हटलं. मग तोंडावरून हात फिरवले.

काठावर दामले रुमाल हलवत होते. चाचांनी एक वल्हं पुढे, एक मागे धरलं. त्यांचा चेहरा उजळला होता.

"बाई, तोल सापडला. आता बघा."

होडीचं टोक वळू लागलं. सावर आमच्या समोरून बाजूला सरकली.

"अवो," चाची म्हणाल्या. "पाठ व्हतीय."

चाचांचे हात थांबले.

दर्ग्यातून निघताना पाठ दाखवायची नसते. तोंड आत ठेवून, मागे मागे पावलं टाकत उंबरा ओलांडायचा. चाची लहानपणापासून तिथून अशाच निघत आल्या होत्या. शिवाय शेजारी वडील. होडी वळली असती, तर आम्हा दोघींची पाठ सावरीकडे झाली असती. आपण पुन्हा इथे येणार नाही, हे चाचींना माहीत होतं. ते आम्हालाही माहीत होतं.

चाचांनी काठाकडे पाहिलं. मग चाचींकडे. आणि फिरलेलं टोक हळूच परत सावरीकडे आणलं.

"बबन, उलटं मारता येतं का रं?"

"येतं की. वल्ही वडायची न्हाईत, रेटायची. पर लय दमाल, चाचा."

चाचा वल्ही रेटू लागले. होडी मागच्या अंगाने निघाली. चाची सावरीकडे बघत होत्या आणि सावर त्यांच्यासमोरून लांब जात होती. काठावर हशा पिकला. टाळ्या पडल्या. "उलटा कप्तान! उलटा कप्तान!" दामले ओरडत होते. चाचा घामाने निथळले होते.

उतरताना ते मला हळूच म्हणाले, "बाई, काई बोलायचं न्हाई. तिचं दुख गल्लीत वाटायचं न्हाई."

मग सरळ दामल्यांपुढे जाऊन त्यांनी काखेतलं फडकं काढून दिलं. "न्हाई जमलं. पान्यात तोल सापडत न्हाई."

त्यानंतर गल्लीत गाड्या येत आणि आपापल्या वळत. वखारीच्या ट्रकने दामल्यांच्या ओट्याचा कोपरा उडवला. एका टॅक्सीचं चाक आडाच्या कठड्यावर चढलं. चाचा आत बसून चहा पीत. भोंगा वाजला की बशी तोंडाशी थांबे, एवढंच. पोरंसोरं "उलटा कप्तान" म्हणून हाक मारत आणि चाचा त्यांना सलाम ठोकत.

थंडी सरायच्या आत चाची गेल्या. काही दिवसांनी दामले ते हिरवं फडकं धुऊन, घडी घालून घेऊन आले. म्हणाले, "चाचा, पुरे झालं आता. बाहेर ट्रक अडकलाय. चला."

"शब्द म्हंजे शब्द," चाचा म्हणाले. "ऱ्हाऊ द्या तुमच्याकडं." फडकं त्यांनी घेतलं नाही. चाचींची खाटही त्यानंतर त्यांनी फिरवली नाही. पायांवर ऊन येईल अशी ठेवलेली ती उन्हाळाभर तशीच होती.

थंडी पडली तसे ते एका सकाळी माझ्या दारात उभे राहिले. हातात रुमालाची लहानशी पुरचुंडी. "बाई, एक सहल काढायची. यादी करू नका. काई न्यायचं न्हाई."

पुरचुंडीत चाचींच्या कबरीवरची माती होती.

काठावर बबनच होता. या वेळी चाचांनी त्याला काठावरच थांबवलं. मी मागच्या फळीवर, चाचींच्या जागी बसले. सावरीशी पोचल्यावर चाचांनी वल्ही आत घेतली, वळून बसले आणि माती पाण्यात सोडली. क्षणभर पाणी गढूळलं, मग होतं तसं झालं.

मी मनाची तयारी केली होती. आता तसंच, मागे मागे रेटत जायचं. पण चाचा परत माझ्याकडे तोंड करून बसले. एक वल्हं ओढलं, दुसरं रेटलं. पाण्याचा आवाज नाही, हिसका नाही. खाली खुंटा ठोकून ठेवल्यासारखी होडी जागच्या जागी फिरली.

"चाचा! तुम्हाला येत होतं?"

"यीतच व्हतं की," ते म्हणाले.

मग वल्ही तशीच धरून म्हणाले, "तवा वळवली असती तर तिची पाठ झाली असती. आता न्हाई वळवली तर माजी व्हतीय. त्या दिशी मी ही सावर धड बघितलीच न्हाई, बाई. जाताना पाठीमागं, येताना बी पाठीमागं. नुसता तिच्या तोंडाकडं बघत व्हतो. तिला काय दिसत आसंल, त्ये तितं दिसायचं." त्यांनी वल्ही पाण्यात घातली. "तुमची पाठ व्हईल आता. चालंल का?"

"चालेल," मी म्हटलं.

चाचा वल्ही ओढू लागले. नजर माझ्या खांद्यावरून मागे. मी वळून पाहिलं नाही. सावर किती लांब गेली, ते मला त्यांच्या तोंडावरून कळत होतं.