दाजी नाझरांचा चिनी अभिप्राय

दाजी नाझर पुस्तक वाचताना ओरडत. आमच्या अमरावतीच्या वाचनालयात ‘शांतता राखा’ अशी पाटी होती. तिच्याच खाली बसून ते एकदम "बाप्पा बाप्पा बाप्पा!" करत, आणि पेपर वाचणारी मंडळी कुणाला घेरी आली म्हणून उठून उभी राहत. पुस्तकातल्या कुणीतरी कुणाला फसवलेलं असे, एवढंच.

कोर्टातल्या नाझरकीतून निवृत्त झालेला हा माणूस. उभ्या नोकरीत जप्त्या केल्या, पण कादंबरीतल्या विधवेचं घर गेलं की त्याला जेवण जात नसे.

चीनशी लढाई नुकतीच होऊन गेली होती, त्यामुळे चीन म्हटलं की लोक काहीही वाचत. अशात एक जाडजूड कादंबरी आली. जुन्या चिनी राजवटींच्या इतिहासावर बेतलेली, पण मंत्रतंत्रांनी भरलेली. तिच्यातला सेनापती मेलेल्या शिपायांना मंत्राने उठवून पुन्हा लढायला धाडतो. आमच्या विद्वान सभासदांनी तिला ‘युगप्रवर्तक’ ठरवलं. त्यांतल्या काहींनी ती उघडलीही असावी.

एका सकाळी दाजी ती काखेत मारून माझ्या ओसरीवर आले. चेहरा पांढराफटक.

"मास्तर, हे पुस्तक हाय का कत्तलखाना? अख्खं शहर जाळलं त्यानं, लेकराबाळांसकट! अन् मेल्यावरबी सुटका नाही. आमच्या कोर्टात आरोपी मेला का खटला खतम!"

"मग परत करा."

"कसं करू? घरी वाचून दाखवून राहिलो ना."

काकूंची, म्हणजे त्यांच्या पत्नीची, दृष्टी गेलेली. रोज दुपारी दाजी त्यांना वाचून दाखवत. आमच्या दोन घरांत एकच भिंत. त्या दुपारी मी कान दिला. शहराला वेढा पडला, मशाली पेटल्या. दाजी अडखळले. "पुढं?" काकूंनी विचारलं.

"पुढं... जोराचा पाऊस आला. मशाली विझल्या. फौज आपापल्या घरी गेली."

मी पुस्तक वाचलं होतं. त्यात पाऊस नव्हता.

वर्धापनदिनी गाजलेल्या पुस्तकावर एका सभासदाने जाहीर अभिप्राय द्यायचा, असा वाचनालयाचा रिवाज. यंदा समितीने दाजींचं नाव घातलं. दाजी हादरले.

"काहून टाकलं माझं नाव? ती पहिल्या रांगेत बसते ना बाप्पा! खरं बोललो तर तिले सगळं समजते."

"काकूंना आणू नका."

"माझं भाषण, अन् तिले घरी ठेवू?"

सभेत दाजी उभे राहिले, काकूंकडे पाहिलं आणि घाम पुसून म्हणाले, "या पुस्तकात लढाई हाय, पण कोणी मरत नाही. असं लिहाले हिंमत लागते."

ग्रंथपालांच्या हातातला हार खाली पडला. पुस्तक वाचलेले एकमेकांकडे बघू लागले. न वाचलेल्यांनी टाळ्या वाजवल्या. अध्यक्ष अकोल्याचे नामांकित वकील. ते धीरगंभीर आवाजात म्हणाले, "अशाच निर्मळ कथेची आज देशाला गरज आहे!" त्यांनी पुस्तक उघडलं नव्हतं, हे एका वाक्यात सिद्ध झालं.

दाजींना लोकांनी घेरलं, तेव्हा काकू हळूच मला म्हणाल्या, "मास्तर, ते शहर जळते ना?"

मी खाली पडलेला हार उचलू लागलो.

"चांदूरच्या भाचीनं कवाच सांगितलं मले. आमचा पोरगा मधू तापानं गेला, तवापासून यायच्या वाचण्यात कोणी मरत नाही. अडखळले का मी ‘पुढं?’ म्हणतो. तेवढीच यायले विचार कराले सवड भेटते."

तेवढ्यात दाजी आले आणि त्यांनी काकूंचा हात धरला. "कसं झालं वो?"

"बेस झालं. तो म्हातारा नगारेवाला बर्फात अडकला हाय. उद्या ते वाचा."

पुढच्याच पानावर नगारेवाला मरत होता.

"हाव," दाजी म्हणाले. "तिथून एक पायवाट हाय."