डबा कुणाचा, फळ कुणाला

घेतलेला नेम मी मोडत नाही. पहाटेच्या पूजेला कधी उशीर केला नाही आणि पूजा आटपेपर्यंत मौन म्हणजे मौन. एकदा डोळ्यांदेखत दूध उतू गेलं, पण मी हूं की चूं केलं नाही! त्यामुळे डॉक्टरांनी यांना पथ्य सांगितलं, तेव्हा मनात म्हटलं, हे तर माझंच खातं.

गोष्ट जरा नाजूक आहे, म्हणून हळू आवाजात सांगते. आमचे हे घड्याळजी. दुकानात वडिलांच्या शेजारी दिवसभर स्टुलावर, डोळ्याला भिंग. जोडीला सिगारेट, तळलेलं, मध्यरात्रीपर्यंत मोबाईल. पोट असं सुटलेलं की स्वतःचा पट्टा स्वतःला दिसेना. आणि आमच्या खोलीत वर्षभर दोन समाध्या शेजारी शेजारी असाव्यात तशी शांतता. हे मनातून खचले होते. दिवा मालवला की भिंतीकडे तोंड.

साखर, रक्तदाब तपासून डॉक्टर म्हणाले, "रक्तवाहिन्या अंगभर सारख्याच. ज्यानं हृदय कुरकुरतं, त्यानं तेही कुरकुरतं. गोळीचं नंतर बघू. आधी सिगारेट बंद, तळण बंद, सकाळी भरभर चालायचं, रात्री वेळेवर झोपायचं."

बाहेर पडताच हे म्हणाले, "आईला कळलं तर मी घर सोडीन."

"नाही कळणार. मी याचं व्रतच मांडते. व्रताला कोण कारण विचारतंय?"

घरी येऊन व्रताचं सांगताच सासूबाईंनी कारण विचारलं. आता खोटं बोलायचं नाही हाही माझा नेम. म्हटलं, "घरातल्या सौख्यासाठी आहे." त्यांनी तिथल्या तिथे हात जोडले.

दुकानात दोन डबे जायचे. निळ्या झाकणाचा यांचा: उकडलेल्या भाज्या, मोड आलेली कडधान्यं, फळं. लाल झाकणाचा मामंजींचा, नेहमीचा खमंग. पहाटे बापलेक फिरायला जाऊ लागले. दोन्ही डबे चाटूनपुसून परत येत. आणि तरी यांचा पट्टा पुरेना, अगदी टोकाला नवं भोक पाडावं लागलं! समाध्याही जागच्या जागी. मला वाटलं, माझ्याच भक्तीत खोट. मी एक वेळचं जेवण सोडलं, जप वाढवला. माझी पोलकी सैल झाली, यांचे सदरे घट्ट.

मग एका सुट्टीच्या दिवशी फिरण्याला खाडा करून हे पहाटेच ओट्याखाली आडवे होऊन गळका नळ आवळत होते. मी पूजेच्या वाती वळत होते, अर्थात मौनात. इतक्यात सासूबाई आल्या आणि त्यांनी दार लोटून घेतलं.

"सूनबाई, हे व्रत थांबव बाई."

मी डोळ्यांनी ओट्याखाली खुणावलं.

"खाली काय बघतेस? मलाही लाज वाटतेय. पण सांगू कुणाला? तुझे सासरे दहाच्या आत दिवा मालवतात. परवा म्हणाले, तुझी वेणी अजून किती दाट आहे. वेणी कसली, शेपटी राहिलीय नुसती!"

मी हात हलवले, मान हलवली, वात पुढे केली.

"वात काय दाखवतेस? अगं, निळा डबा रोज तेच खातात. तुझा नवरा लाल डबा हाणतो. पहाटे तो बाकावर बसून सिगारेट ओढतो आणि हे त्याच्या वाटच्या फेऱ्या मारतात. वर मला सांगतात, व्रत बापानं केलं काय, लेकानं केलं काय, पुण्य घरातच! या वयात मला झेपायचं नाही गं हे पुण्य."

ओट्याखाली ठण्‌कन आवाज झाला. पाना पडला. पाठोपाठ यांचं डोकं बाहेर आलं. पोट मात्र नळाच्या मागे अडकून राहिलं.

सासूबाईंनी लेकाकडे पाहिलं. निळ्या डब्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे, बराच वेळ.

"अस्सं," त्या म्हणाल्या. "म्हणजे सौख्य तुमच्या खोलीत हवं होतं, आणि आलं आमच्या खोलीत."

यांनी डोळे मिटून घेतले.

"लाजतोस काय गाढवा? बाप सत्तरीत पळतोय, तुला काय धाड भरलीय? सूनबाई, व्रत चालू ठेव. उद्यापासून डबे मी भरते."

आईला कळलं तर घर सोडीन म्हणाले होते. शब्दाला जागले. दुसऱ्या दिवशी पहाटे घर सोडलं, बूट घालून, खिशातल्या सिगारेटी फेकून, मामंजींच्याही पुढे. मामंजी आता लाल डबा नको म्हणतात, पण सासूबाई हट्टानं तोच त्यांच्या पिशवीत कोंबतात.

फळाचं विचाराल, तर दोनेक महिने वाट पाहावी लागली. परवा, लग्नानंतर पहिल्यांदाच, माझ्या पूजेला उशीर झाला. देवानं कारण विचारलं असतं, तर खोटंही बोलता आलं नसतं.

मौन होतं म्हणून निभावलं.