भालूभाऊ आणि तांदळातले दोन चिकू

घोलवडमध्ये आम्ही सगळे चिकू खातो, विकतो, पाहुण्यांच्या गळ्यात मारतो. चिकूचा सल्ला घेणारे मात्र एकटे भालूभाऊ.

आमच्या शेजारीच त्यांची कलमांची नर्सरी. पंचावन्नच्या पुढचे, सडाफटिंग गृहस्थ. काहीही ठरवायचं असलं की दोन कच्चे चिकू आणायचे, एकाला नखाने ओरखडा काढायचा आणि दोन्ही तांदळाच्या डब्यात पुरायचे. ओरखड्याचा आधी पिकला तर ‘हो’, दुसरा पिकला तर ‘नाही’. मधे कुणी विचारलंच तर उत्तर ठरलेलं, “घाई कशाला? पिकू दे की!”

एकदा दाढ काढावी की नाही, हा प्रश्न डब्यात गेला. गाल टम्म सुजला तरी माणूस ढिम्म. शेवटी दाढ आपणहून पडली आणि त्याच दिवशी ‘नाही’ पिकला. “बघ सुरेश,” मला म्हणाले, “डॉक्टरकडे उगाच गेलो असतो!” दारातली मांजर ठेवावी की हाकलावी, यावर दोन्ही चिकू एकाच सकाळी पिकले. भाऊंनी फेरमतदान घेतलं. तोवर मांजर माळ्यावर व्यायली.

नर्सरीत गिऱ्हाईक विचारतं, “यातलं कुठलं रोप नेऊ?” भाऊ म्हणतात, “मला विचारताय?” चेहऱ्यावर इतकं खरं आश्चर्य असतं की बिचारं गिऱ्हाईक दोन्ही नेतं. नर्सरी बरी चालते ती अशी.

समोरच्या शेडमध्ये चिकू निवडून खोक्यात भरायला सविताबेन येतात. गुजरात सीमेजवळच्या वेवजी गावच्या. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली. मराठी बोलताना मधेच गुजराती येतं आणि हसताना दोन्ही भाषा थांबतात. दुपारचा चहा त्या भाऊंच्या ओट्यावर बसून पितात. साखर किती, हे भाऊंना कधी डब्याला विचारावं लागलं नाही.

होळी झाली आणि सविताबेन म्हणाल्या, “भाचा वापीला बोलावतो. हा सीझन झाला की जायचं.”

त्या दिवसापासून भाऊंचं चित्त थाऱ्यावर राहिलं नाही. “एका मित्राचा प्रश्न आहे,” असं म्हणत त्यांनी टेम्पोवाल्याला विचारलं, पोस्टमनला विचारलं, मला तर रोज विचारलं. “या वयात एखाद्या बाईला लग्नाचं विचारावं का रे? लोक हसतील?” त्यांना मित्र किती आणि कोण, हे गावाला ठाऊक होतं. सगळ्यांनी गंभीर चेहऱ्याने सल्ले दिले. अखेर दोन चिकू तांदळात गेले.

शेडमधलं काम संपत आलं. सविताबेन बरोबरीच्या बायकांचा निरोप घ्यायला लागल्या. आणि एका सकाळी भाऊ माझ्या ओसरीवर आले. हातात मऊ चिकू, ओरखडा नसलेला.

“नाही आलंय,” ते म्हणाले.

मला वाईट वाटलं. “मग ठरलं तर.”

भाऊंनी चिकू बोटांनी दाबून पाहिला. मग म्हणाले, “आज हा चुकलाय.”

“चिकू?”

“होय. अरे, आई होती तोवर ‘भालू, असं कर’ म्हणायला कुणीतरी होतं. ती गेल्यावर रिकाम्या घरात विचारायचं कुणाला? म्हणून हा खेळ. पण आज डबा उघडताना ओरखड्याचाच पिकलेला असू दे, म्हणत होतो. मला काय हवंय ते मला कळतंय, सुरेश. मग याला कशाला विचारू?”

चिकू माझ्या हातात देऊन ते उठले. पायात चपला घालायचंही भान नव्हतं. मी मागोमाग गेलो, शेजारधर्म म्हणून.

शेडमध्ये सगळ्या बायकांसमोर भाऊंनी सरळ सांगून टाकलं, “सविताबेन, वापीला जाऊ नका. माझ्याशी लग्न करा. हे मी कुणाला न विचारता बोलतोय.”

बायकांचे हात थांबले. सविताबेन मात्र खाली मान घालून खोका भरत राहिल्या. मग पदराने कपाळ पुसून म्हणाल्या, “भालूभाऊ, पोस्टमनला विचारलं, टेम्पोवाल्याला विचारलं, आख्ख्या गावाला विचारलं. मला विचारलं असतं, तर होळीलाच हो बोलले असते ने!”