हरीभाऊंच्या चुकांच्या पेट्या

सिंफनी ऐकताना कोण कधी चुकतो याची वाट बघत बसणारा माणूस आमच्या सरावलीत एकच, हरीभाऊ पाटील.

त्यांचं आयुष्य तारापूरच्या एका रंगाच्या कारखान्यात बॉयलरपाशी गेलं, माझंही. आता घरातल्या भांड्यांच्या कपाटात सीडींचे संच आहेत, एकेका पेटीत वीस-वीस. जहाजावर नोकरीला असलेला पुतण्या ते परदेशातून आणतो. अट एकच, वाजवलेलं भरल्या सभागृहात हवं. एकदा त्यानं स्टुडिओतला संच आणला, तो यांनी त्याच्याच पिशवीत परत घातला. "यात कोन खोकत नाय. माणसं हायत का भुतं?"

एका सिंफनीचे तर अकरा संच आहेत. मी म्हटलं, "भाऊ, सूर तेच ना?"

"सूर तेच. घसरतो तो येगळा."

मग तबकडी लावायची, डोळे मिटायचे, बोट वर. "आता शिंगवाला बघ." खरंच हॉर्नचा एक स्वर फाटतो. "बाकीचे थांबले का? त्याला मधी घेऊन गेले." शेवटी टाळ्या पडल्या की स्वतः उभे राहतात, मलाही उठवतात. माझे गुडघे दुखतात हे त्यांना मान्य नाही.

गेल्या रविवारी मी विचारलं, "चुकला त्याचं नाव पेटीवर का नसतं?"

"कशाला पायजे?"

तेव्हा मला राहवेना. आमच्या एका पाळीत वाफेचा व्हॉल्व्ह उघडा राहून रंगाचा अख्खा माल जळला होता. ठपका हरीभाऊंवर आला, फोरमनची बढती गेली, आणि निवृत्तीपर्यंत ते होते तिथंच राहिले. व्हॉल्व्ह मी उघडा ठेवला होता. इतकी वर्षं गप्प बसलो होतो, ते सगळं सांगून टाकलं.

हरीभाऊंनी आवाज कमी केला. "ठाऊक हाय. तुझी पोर तवा आठ दिसांची होती. उभ्या उभ्या झोपत होतास तू."

"मग बोलायचं होतं, भाऊ. शिव्या तरी घालायच्या."

"तू यायचा बंद झाला असतास. तुझी वयनी गेल्यावर दुसरं कोन येतं हितं?"

हरीभाऊंनी तबकडी बाहेर काढली. सदऱ्याच्या टोकानं ती पुसत राहिले, पुसून झाली तरी.

"आता सांगून झालं तुझं," खाली बघतच म्हणाले. "उद्या येशील ना?"