गळ नसलेली काठी

गणपती येईपर्यंत मासे गरवायच्या एका हाताच्या काठीने दोरी फेकायचा स्पे कास्ट मारून दाखवतो, असं दिनानाथांनी कंपनीतल्या सगळ्या शिफ्टना सांगून ठेवलं होतं. त्यात अवघड ते काय! मागे झाडी असली की दोरी मागे भिरकवायची नाही, पाण्यावरच वळसा देऊन पुढे सोडायची. व्हिडिओतला गोरा माणूस, चहा ढवळावा तसं करत होता. अष्टमी गावाच्या नदीकाठावर मात्र दोरी कधी मागच्या करंजाला लटके, कधी दिनानाथांच्याच गळ्यात पडे.

त्यात श्रावण. घरात मासळी बंद. या महिन्यात गरवायला गेलात तर काठी चुलीत घालीन, असं त्यांच्या बायकोने, सरूने, बजावलं होतं. म्हणून तर त्यांनी गळ काढून दोरीला लाल लोकरीचा झुपका बांधला होता. सरावाला तेवढा पुरतो. पण शेजारच्या कृष्णाबाईंनी लांबून नुसती काठी बघितली आणि घरी येऊन सांगितलं, "गो सरू, तुझा नवरा श्रावणात गरवतोय."

दिनानाथांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. माणूस आयुष्यात एकदा नियम पाळतो आणि नेमका तेव्हाच त्याच्यावर आळ! ते सरूला, कृष्णाबाईंना आणि वाटेत भेटलेल्या सगळ्यांना काठावर घेऊन गेले. झुपका एकेकाच्या नाकाखाली फिरवला.

"गळ हाय काय? हात लावून बघा."

गळ नव्हता. कृष्णाबाई खजील झाल्या. तिथेच थांबायचं, पण अपमान झालेला माणूस थांबतो होय? दिनानाथांनी काठी उचलली.

दोरी पाण्यावरून सरकली, खांद्याशी सुरेख वळली आणि सरळ पुढे जाऊन पडली. पहिल्यांदाच! दिनानाथ वळून सगळ्यांची तोंडं बघणार, तोच काठी वाकली.

टोळ मासा होता. हातभर लांब, सुईसारखी चोच, आणि तिच्यातले बारीक दात लोकरीत गच्च गुंतलेले.

"त्यानं धरलंय, मी नाय," दिनानाथ म्हणाले.

सरूने लोकर तोडून मासा पाण्यात सोडला, काठी काखेत मारली आणि घराकडे चालू लागली. दिनानाथ धुमसत मागोमाग निघाले. एवढी माणसं डोळे फाडून बघत होती, पण दोरी किती सरळ पडली ते एकालाही दिसलं नव्हतं. बाकी काठीची त्यांना काळजी नव्हती. घरात गॅस होता, चूल कधीच गेली होती.

मागून कृष्णाबाईंनी हाक दिली, "सरू, आमची चूल पेटलेली हाय गो."