चुकीच्या माणसाला श्रद्धांजली

न्याहारीच्या टेबलावर कुणी कुणाशी बोलत नव्हतं. चौघी खेळाडू आणि त्यांच्या कॅप्टनबाई. समोर टोस्ट गार होऊन चामड्यासारखे झाले होते आणि बाहेर असं धुकं पडलं होतं की हॉटेलचं फाटकसुद्धा दिसत नव्हतं.

महिलांच्या व्यावसायिक गोल्फची ही देशादेशांमधली सांघिक स्पर्धा. आठ संघ, आणि आज शेवटचा दिवस. करंडक कोण नेणार याच्याशी या पाच जणींचं काही देणंघेणं उरलं नव्हतं. त्यांची लढाई सातव्या आणि आठव्या क्रमांकाची होती. आठव्या संघाला पुढच्या वेळी बोलावत नाहीत. म्हणजे आज हरलं की गाशा गुंडाळायचा. त्यातही थोरलीला कायमचाच, कारण तिचा गुडघा आता तिचं ऐकत नव्हता. बाकी उरल्या दोघी जुळ्या, आणि सगळ्यांत लहान म्हणून जिला बारकी म्हणत, ती.

कॅप्टनबाई स्वतः एके काळी चांगल्या खेळत. एकदा चेंडू वाऱ्यानं हलला की आपल्या काठीनं, अशी त्यांना शंका आली. कुणीच पाहिलं नव्हतं. बाईंनी स्वतः होऊन दंड लावून घेतला आणि हातात आलेला करंडक घालवला. तेव्हापासून त्यांना सगळीकडे मान होता. करंडक मात्र कुठेच नव्हता.

"जाकिटं घाला," बाई म्हणाल्या.

"मॅडम, निळी मागवली होती ना आपण?" बारकीनं विचारलं.

"काळी आली. परत पाठवायला वेळ कुठे होता?"

"असू दे. आजच्या दिवसाला शोभतायत," थोरली म्हणाली.

"आणि ऐका. खेळाआधी क्लबच्या जुन्या अध्यक्षांना श्रद्धांजली आहे. गेल्या महिन्यात गेले. सगळ्यांनी पहिल्या रांगेत बसायचं, मान खाली घालून."

"ती खालीच आहे," थोरली म्हणाली.

बाईंनी तिकडे लक्ष दिलं नाही. प्रत्येक कॅप्टननं दोन शब्द बोलायचे होते आणि बाईंनी आयोजकांकडे खोदून खोदून चौकशी करून भाषण पाठ केलं होतं.

आयोजकांचा निरोप सोपा होता. चौकात काळी गाडी उभी असेल, तिच्या मागोमाग यायचं. व्हॅन चौकात आली तेव्हा काळी गाडी खरोखरच चालली होती. संथ, दिवे लावून, टपावर फुलं.

"फुलं कशाला?" एक जुळी म्हणाली.

"अध्यक्षांसाठी असतील," दुसरी म्हणाली.

ड्रायव्हर बिचारा नवा होता. त्याला गाडी हवी होती, गाडी मिळाली. तो मागे लागला.

गाडी एका बैठ्या सभागृहापुढे थांबली. दारात काळा टाय लावलेला एक गृहस्थ उभा होता. या पाच जणींना पाहून त्याचा चेहरा उजळला.

"आलात? बरं झालं हो. फारसं कुणी आलंच नाही. पुढे बसा, पुढच्या खुर्च्या रिकाम्याच आहेत."

"बघा," बाई पोरींच्या कानात म्हणाल्या, "बाकीचे संघ अजून अंथरुणात. शिस्त म्हणतात ती ही."

आत सात-आठ माणसं विखरून बसली होती. समोर एका वृद्ध गृहस्थांचा फोटो होता. चेहरा असा, की फोटो काढणाऱ्यावरही त्यांचा विश्वास नसावा. पहिल्या रांगेच्या कडेला त्यांच्या पत्नी, एक थकलेल्या बाई, होत्या आणि शेजारी त्या बाईंची नणंद. नणंदेनं वळून पाच काळी जाकिटं वरपासून खालपर्यंत न्याहाळली.

"वहिनी, ह्या कोण?"

"मला काय माहीत? तुमच्याकडच्या असतील."

"आमच्याकडे एवढ्या धडधाकट कुणी नाहीत."

टायवाल्या गृहस्थानं घसा साफ केला. "कुणाला दोन शब्द बोलायचेत का?"

कुणालाच बोलायचे नव्हते. मागे कुणीतरी खोकलं. त्या शांततेची बाईंनाच लाज वाटली. एवढा मोठा माणूस, आणि बोलायला कुणी नाही? त्या उठल्या.

"आज आपण अशा माणसाचं स्मरण करतोय, ज्यानं आपलं अवघं आयुष्य बायकांसाठी वेचलं."

नणंदेनं वहिनीकडे पाहिलं. वहिनीनं फोटोकडे पाहिलं.

"जग साखरझोपेत असताना ते घराबाहेर पडायचे. थंडी म्हटली नाही, वारा म्हटला नाही. एकेकीला स्वतः हात धरून शिकवायचे. 'खांदे सैल सोड, कंबर वळव, घाई करू नको,' म्हणायचे. एकीला जमलं की लगेच दुसरीकडे वळायचे. अशा शे-दोनशे तरी जणी असतील. घरच्यांना याची कल्पनाही नसेल, कारण ते बोलून दाखवणाऱ्यांतले नव्हते."

मागच्या रांगेतले एक आजोबा खडबडून जागे झाले. त्यांनी चष्मा पुसला आणि फोटो पुन्हा नीट पाहिला.

"माझ्याबरोबर आलेल्या या चौघी," बाईंचा आवाज भरून आला, "आज व्यावसायिक आहेत. देशोदेशी जातात. ते कुणामुळे? अशा माणसामुळे."

नणंदेची पर्स खाली पडली आणि आतलं सगळं खुर्च्यांखालून घरंगळत गेलं. उचलायला कुणी वाकलं नाही.

बाई बसल्या. त्यांच्या भाषणानं धीर आला असावा, कारण आता टायवाला स्वतःच बोलू लागला. "मी त्यांच्या ऑफिसातला. पाणीखात्यात त्यांनी जन्मभर घरोघरचे मीटर तपासले. पहाटे लोकांच्या घरी जायचे, ही गोष्ट मात्र अगदी खरी आहे."

पाणीखातं हा शब्द बाईंनी मनातल्या मनात आपल्या भाषणाशी ताडून पाहिला. त्यांनी फोटोकडे पाहिलं. मग थोरलीकडे. थोरली आधीपासूनच त्यांच्याकडे बघत होती.

"उठा," बाई पुटपुटल्या. "आवाज न करता."

पाच जणी बाहेर आल्या. पण व्हॅनच्या पुढ्यात ती फुलांची गाडी आडवी लावलेली, आणि तिचा ड्रायव्हर चहा प्यायला गेलेला. व्हॅनचा ड्रायव्हर त्याला शोधायला धावला. तेवढ्यात पायरीवर त्या थकलेल्या बाई येऊन उभ्या राहिल्या. नणंद दारातून मान काढून होती.

"किती वर्षं चाललं होतं?" वहिनींनी विचारलं.

"अहो, तसं काही नाही हो!" कॅप्टनबाई म्हणाल्या. "आम्ही चुकून आलो."

"चुकूनच होतं. ठरवून कोण करतं?"

"पण आम्ही त्यांना ओळखतसुद्धा नाही!"

"आता कशाला ओळखाल? गेले ना ते."

बारकीला राहवेना. तिनं पुरावा म्हणून व्हॅनमधून पिशवी ओढली आणि सर्रकन एक काठी बाहेर काढली. "अगं बाई, वहिनी, आत या! मारामारीवर आल्या!" नणंद किंचाळली आणि दार लावून घेतलं.

मग थोरलीनं शांतपणे सगळं सांगितलं. गोल्फ, धुकं, काळी गाडी, क्लबचे अध्यक्ष. वहिनींनी काठी हातात घेऊन पाहिली, व्हॅनवरचं संघाचं चित्र पाहिलं.

"म्हणजे ते हात धरून शिकवणं वगैरे…"

"ते दुसरे गृहस्थ," कॅप्टनबाई म्हणाल्या. "माफ करा. तुमचे यजमान अगदी निर्दोष आहेत."

त्यांना वाटलं होतं, आता वहिनींच्या जिवात जीव येईल. पण वहिनी पायरीवर बसल्या आणि आणखीच लहान दिसू लागल्या.

"वाटलंच मला," त्या म्हणाल्या. "ह्यांच्याच्यानं कुठलं व्हायला! संध्याकाळी आले की त्याच खुर्चीत. आमटी अळणी झाली तर बोलायचे, तेवढंच. मगाशी तुम्ही बोलत होतात ना, तेव्हा अंगाचा नुसता तिळपापड झाला माझ्या. पण मग मनात आलं, कुठेतरी हसत असतील हे. कुणाला तरी ते हसताना दिसले असतील." त्यांनी काठी बारकीला परत दिली. "मला नाही दिसले कधी."

थोरली त्यांच्या शेजारी पायरीवर बसली. गुडघा कुरकुरला, तो दोघींनाही ऐकू आला.

"एक कराल का?" वहिनी हळूच म्हणाल्या. "वन्संना खरं सांगू नका. जन्मभर ऐकवलं मला, 'दादा तुझ्यामुळे घुमा झाला.' आज पहिल्यांदा त्यांची बोलती बंद झालीय. राहू दे तशीच, चार दिवस."

दार किलकिलं झालं. नणंदेनं आवाजात सगळा करारीपणा आणून विचारलं, "एकदा स्पष्टच सांगा. तुम्ही आमच्या दादाच्या कोण?"

कॅप्टनबाईंनी पायरीवरच्या वहिनींकडे पाहिलं. "शिष्या," त्या म्हणाल्या. "पहिल्या बॅचच्या."

चहा पिऊन ड्रायव्हर आला, गाडी हलली, आणि पाच जणी मैदानावर पोचल्या तेव्हा त्यांची वेळ केव्हाच टळून गेली होती. तिकडे श्रद्धांजलीही उरकली होती. पंच हातातलं घड्याळ दाखवत पुढे आले.

"नियमाप्रमाणे तुमचा संघ बाद. काही अटळ कारण असेल तरच बोला."

"अंत्यविधी होता," बारकी बोलून गेली.

"अरेरे! कोण गेलं तुमचं?"

बाई खरं सांगायला तोंड उघडणार, एवढ्यात थोरलीला रडू फुटलं. ते कधीचं साठलेलं होतं. त्यात गुडघा होता, शेवटचा सामना होता, पायरीवरची ती बाई होती. तिला पाहून एका जुळीला भरून आलं, आणि एकीला आलं की दुसरीला येतंच. पंचांनी टोपी काढली. पहिला होल प्रतिस्पर्ध्यांना बहाल, एवढ्या शिक्षेवर भागवलं.

बातमी मैदानभर पसरली. प्रतिस्पर्धी संघातल्या मुली कोवळ्या मनाच्या होत्या. सुतकात खेळणाऱ्यांना हरवायचं कसं, या विचारानं त्यांचा खेळ बिघडला. हातभर अंतरावरचे चेंडू होलाच्या काठावरून वळून परत येऊ लागले. बारकी हरली, जुळ्यांतली एक जिंकली, दुसरी बरोबरीत सुटली. सगळं थोरलीवर आलं. शेवटच्या होलाला ती एका होलानं पुढे होती. आता हा होल नुसता बरोबरीत सुटला, तरी संघ वाचत होता.

समोरच्या संघाच्या कॅप्टन डोळे पुसत कॅप्टनबाईंजवळ आल्या. "आमच्या पोरीला चेंडूच दिसत नाहीये हो, डोळ्यांत पाणी. मी म्हटलं तिला, जाऊ दे, त्यांचं दुःख मोठं आहे. फार जवळचे होते का?"

कॅप्टनबाईंनी थोरलीकडे पाहिलं. ती चेंडूवर वाकली होती, आणि कित्येक महिन्यांत प्रथमच तिच्या चेहऱ्यावर दुखणं नव्हतं. बाईंनी डोळे मिटले, उघडले.

"कुणी नव्हते," त्या म्हणाल्या. "आम्ही वाट चुकलो."

पुढचं सगळं नियमाप्रमाणे झालं. पंचांनी टोपी पुन्हा घातली, नियमांचं पुस्तक उघडलं आणि संघ बाद झाला. आठवा क्रमांक.

थोरली सामान बांधत होती, तिथे बाई जाऊन उभ्या राहिल्या.

"चिडलीस?"

"हो," थोरली म्हणाली. बराच वेळ ती मोजे गुंडाळत राहिली. "पण मी पुढे होते, मॅडम. शेवटच्या होलाला मी पुढे होते."

संध्याकाळी बाई खोलीत एकट्याच बसल्या होत्या. नवऱ्याचा फोन आला. आता तो समजूत घालेल, या आशेनं त्यांनी तो पहिल्याच घंटेला उचलला.

"बातम्यांत दाखवलं," नवरा म्हणाला. "तुमचा संघ बाद का झाला म्हणून एक वार्ताहर त्या सभागृहात गेला होता. तिथं त्या गेलेल्या गृहस्थांची बहीण होती. ती बरंच बोलली."

"काय बोलली?"

"तू भाषण केलंस म्हणे. हात धरून शिकवायचे, कंबर वळव म्हणायचे. बोलताना तुझा गळा भरून आला होता म्हणे. आणि पहिल्या बॅचची शिष्या आहे असं तू स्वतः सांगितलंस."

"अहो, ते खोटं होतं! त्या बाईंसाठी खोटं बोलले मी."



"तू?" नवरा म्हणाला. "अगं, वाऱ्यानं हललेल्या चेंडूपायी तू करंडक सोडलास. आज भर मैदानात स्वतः जाऊन संघ बाद करवून घेतलास. तू खोटं बोललीस, यावर मी विश्वास ठेवू?"

आणि त्यानं फोन ठेवला.